‘काय झाला तर कोण बघतलो?’

मार्च २०२१ मध्ये साठीपुढच्या नागरिकांसाठी करोनाची लस खुली झाली, तेव्हा देवबागच्या लसीकरण शिबिरात मी होतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी असे हे गाव. रांगेतल्या एका आजींनी हात पुढे करण्याआधी विचारले, ‘‘डॉक्टरांनू, माका काय झाला तर कोण बघतलो?’’ मागे रांग वाढत होती. ‘‘काय होवचा नाय,’’ असे म्हणून मी त्यांना पुढे पाठवले.

आजींना एक दिवस अंगदुखी झाली, इतकेच. तरीही माझे उत्तर चुकीचे होते. त्या चुकीची किंमत आता दिसते. बाळाला गोवर-रुबेलाची लस द्यायला आलेली तरुण आई हल्ली विचारते, की ही कोविशिल्डसारखी तर नाही ना, तिने म्हणे हार्ट अटॅक येतात. शंका करोनाच्या लशीची, पण डोस चुकतो तो बाळाचा.

म्हणून आधी वस्तुस्थिती पाहू. कोणतीही लस बाजारात येण्यापूर्वी काही हजार स्वयंसेवकांवर तपासली जाते. लाखात एखाद्याला होणारा दुष्परिणाम एवढ्या लोकांत दिसेलच असे नाही. तो लस कोट्यवधींना दिल्यावरच कळतो. म्हणूनच टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचे, त्रास झाला तर नोंद करायची आणि गंभीर नोंदी जिल्हा, राज्य व राष्ट्रीय समितीने तपासायच्या, अशी पद्धत असते.

मार्च २०२१ मध्ये युरोपात हेच घडले. ॲस्ट्राझेनेकाची, म्हणजे आपल्याकडे पुण्यात सीरमने बनवलेली कोविशिल्ड, ही लस घेतलेल्या मोजक्या लोकांत रक्ताच्या गुठळ्या होणे आणि प्लेटलेट कमी होणे, असा दुर्मीळ आजार आढळला. शरीराने बनवलेली प्रतिपिंडे स्वतःच्याच प्लेटलेटना चेतवतात, असे त्याचे कारण सापडले. ब्रिटनने तरुणांना दुसरी लस द्यायला सुरुवात केली. भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजी जाहीर केले की, तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांपैकी २६ मध्ये अशा गुठळ्यांची शक्यता आढळली. प्रमाण दहा लाख डोसमागे ०.६१, म्हणजे साधारण सोळा लाख डोसमागे एक. धोका अगदी कमी, पण निश्चित आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

आपल्या जिल्ह्यात हे फारसे कोणी वाचले नाही. आदल्याच दिवशी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले होते. घरांवर माड पडले होते, मालवण तालुक्यात वीज नव्हती. पण वीज आल्यावर तरी आम्ही डॉक्टरांनी ते लोकांना सांगितले का? फारसे नाही. लोक घाबरतील, लस घेणार नाहीत, असे वाटले.

मग २०२४ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयातील कंपनीच्या ‘कबुली’ची बातमी आली. तीन वर्षांपूर्वी जाहीर झालेली गोष्ट लोकांना लपवलेले गुपित वाटली. ज्यांनी लस घेऊन तीन वर्षे झाली होती, तेही रक्त तपासून घ्यायला धावले. हा आजार डोसनंतर साधारण चार दिवस ते सहा आठवड्यांत होतो. वर्षांनंतर त्यासाठी कसलीही तपासणी करण्याची गरज नाही.

तरुणांच्या अचानक मृत्यूंचा प्रश्न वेगळा आहे आणि तोही तपासला गेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांत १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी निरोगी व्यक्तींच्या अशा मृत्यूंचा अभ्यास केला. लशीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी होता. वाढलेला धोका दिसला तो करोनाने रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांत, घरात अचानक मृत्यूचा इतिहास असलेल्यांत आणि मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अतिमद्यपान किंवा अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांत.

म्हणजे शास्त्राने आपले काम केले. विश्वास गेला तो बोलण्यातल्या कसुरीमुळे. ३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे परिणामकारकतेचे आकडे हाती नव्हते. ते पुढे चांगले आले, पण तोवर कुजबुज पसरली होती. लस पूर्ण सुरक्षित आहे, असे ज्याला सांगितले, त्याला एक जरी उलट घटना कळली, तरी बाकीचे सगळे खोटे वाटू लागते.

महाराष्ट्राने हे एकदा पाहिले आहे. १८९६ च्या प्लेगमध्ये वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या लहानशा प्रयोगशाळेत तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीचा ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. बाटली उघडताना हातून खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे पुढे पुढे आले. ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. परळच्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे, पण पाच वर्षे संशय लशीवर राहिला. चौकशी उशिरा आणि बंद दाराआड झाली की असेच होते.

आता सामूहिक जबाबदारीबद्दल. देवबागच्या लोकांना बंधारा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पावसाळ्यात उधाण आले की जिथे दगड ढासळलेले असतात तिथून पाणी आत शिरते आणि ज्याचा त्यात दोष नाही त्याचीही विहीर खारी होते. गोवराचे तसेच आहे. साथ रोखायला शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस लागतात. नऊ महिन्यांखालील बाळाला ही लस सहसा देता येत नाही. त्याचे रक्षण शेजारच्या मुलांनी करायचे असते. महासाथीच्या काळात डोस हुकले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गोवंडीसह मुंबईच्या दाट वस्त्यांत गोवराची साथ आली. मुले दगावली. करोनाच्या लशीचा बंधारा इतका पक्का नव्हता. तिने संसर्ग काही प्रमाणात आणि काही काळच रोखला. तिचे मोठे काम गंभीर आजार व मृत्यू टाळण्याचे, आणि ते तिने केले. हा फरकही आम्ही सांगायला हवा होता.

पण जबाबदारी एकतर्फी नसते. कोणावरही लशीची सक्ती करता येणार नाही आणि दुष्परिणामांचे अहवाल लोकांसमोर ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, लशीनंतरच्या मृत्यूंच्या भरपाईची जबाबदारी सरकारवर येत नाही, कुटुंबीयांनी दिवाणी न्यायालयात जावे, अशी भूमिका केंद्राने न्यायालयात मांडली. मला ती पटत नाही. जो इतरांसाठीही हात पुढे करतो, त्याला त्यातून इजा झाली तर त्याला वकील शोधत फिरायला लावू नये. ब्रिटनमध्ये अशा मदतीचा कायदा १९७९ पासून आहे. सोळा लाखांत एकाला होणाऱ्या इजेचा भार बाकीच्यांनी वाटून घेणे अवघड नाही. त्यासाठी कोणाची चूक सिद्ध होण्याची अटही नको.

वाचकांना माझी विनंती साधी आहे. बाळाचे राहिलेले डोस कार्ड पाहून पूर्ण करा. लशीनंतर त्रास वाटला तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात लगेच सांगा आणि त्याची नोंद झाली का ते विचारा. शंका असेल तर टेबलापाशी थांबून विचारा, मागे कितीही रांग असो.

त्या आजींना आज मी सांगेन, की ताप येईल, अंग दुखेल. लाखोंत एखाद्याला गंभीर त्रास होतो. डोके फार दुखले, पोटात दुखले, पाय सुजला, धाप लागली तर दिवस-रात्र न पाहता या, आम्ही आहोत. तुमच्या वयात करोनाचा धोका याहून कितीतरी मोठा आहे, म्हणून मी स्वतः घेतली आणि तुम्हीही घ्या. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. तेवढी आम्ही काढायला हवीत. ‘कोण बघतलो?’ याचे उरलेले उत्तर मात्र सरकारने द्यायचे आहे, आणि ते पुढची साथ येण्याआधी.