गळ्यागळ्यांतले गाणे

६ ऑगस्ट हा तेलंगणाचे लोकशाहीर गद्दर यांचा स्मृतिदिन. २०२३ साली याच दिवशी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. ज्या राज्ययंत्रणेविरुद्ध त्यांनी हयातभर आवाज उठवला, तिनेच त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये वूडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मैदानावर रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले आणि त्याच्या गिटारमधून व्हिएतनामवर पडणारे बॉम्ब ऐकू आले. त्यात एकही शब्द नव्हता, तरी त्या पिढीला अर्थ कळला. त्याच वर्षी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाचे विद्यार्थी स्वतंत्र तेलंगणासाठी रस्त्यावर उतरले होते आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडत होते. विधानसभेसमोरच्या गन पार्कमधला स्तंभ त्यांच्याच स्मृतीचा. मेदक जिल्ह्यातल्या तूप्रानचा दलित तरुण गुम्मडी विठ्ठल राव याच पिढीतला. पुढे त्याने गदर चळवळीवरून गद्दर हे नाव घेतले.

हेंड्रिक्सच्या रॉकला वीज लागते, ध्वनिवर्धक लागतो. सत्तरच्या दशकात उभ्या राहिलेल्या जननाट्य मंडळी या गद्दर यांच्या कलापथकाला डप्पू म्हणजे डफ, घुंगरू आणि खांद्यावरची घोंगडी पुरत असे. गद्दर आणि त्यांच्या सोबत्यांनी बुर्रकथा या तेलुगू लोककथनाचा बाज उचलला, शेतमजूर बायांच्या ओठांवरच्या चाली उचलल्या आणि त्यांत जमीन, मजुरी, जमीनदाराचा वाडा भरला. गद्दर एक ओळ टाकत, समोरचा जमाव ती उचलून धरी. चाल आधीच ओळखीची असल्याने गाणे त्याच रात्री पाठ होई आणि दुसऱ्या दिवशी शेतात पोहोचे. वाद्य जप्त करता येते, कलावंताला पकडता येते. पण हजार गळ्यांत उतरलेल्या ध्रुपदाचे पोलिसांनी काय करायचे? शाहीर अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांना ऐकत वाढलेल्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. मराठवाडा तर १९५६ पर्यंत तेलंगणासारखाच हैदराबाद राज्याचा भाग होता.

१९९७ हे साल मात्र दोन्हीकडे काळे ठरले. एप्रिलमध्ये गद्दर यांच्या घरी येऊन हल्लेखोरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते वाचले, पण एक गोळी अखेरपर्यंत शरीरात राहिली. जुलैमध्ये मुंबईत रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांनी गोळीबारात दहा माणसे मारली आणि काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. एकाला गोळीने गप्प करता आले नाही. दुसऱ्याला समोरचे दुःख सोसवले नाही.

गद्दर यांनी ज्या सशस्त्र नक्षलवादी मार्गाची गाणी गायली, तो आम्हाला मान्य नाही. बंदुकीने दोन्ही बाजूंनी गरिबांचीच घरे उजाड केली. गद्दर स्वतःही त्या वाटेवरून दूर आले. २०१८ मध्ये त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मतदान केले. त्यांच्या गाण्यातला अन्यायाचा हिशेब मात्र त्या मार्गाबरोबर खोटा ठरत नाही. वेठबिगारी खरी होती, दलितांवरचे हल्ले खरे होते. १९८५ चे कारमचेडू हत्याकांड कोणा कवीने रचलेले नव्हते.

२ जून २०१४ ला तेलंगणा राज्य झाले. त्या लढ्यात सभांइतकेच बळ 'धूम धाम' या सांस्कृतिक कार्यक्रमांतल्या गाण्यांनी दिले. २०२४ मध्ये कवी अंदेश्री यांचे गीत राज्यगीत झाले आणि राज्याचे चित्रपट पुरस्कार आता गद्दर यांच्या नावाने दिले जातात. हा गौरव आम्हाला मोलाचा वाटतो. पण पुरस्काराच्या झगमगाटात ज्या प्रश्नांसाठी ती गाणी झाली ते मागे पडत असतील, तर उरेल ते फक्त नाव. जननाट्य मंडळीच्या कॅसेटी आणि गाण्यांच्या पुस्तिका हुडकून सरकारने त्या सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवाव्यात. ज्यांच्यावर ही गाणी म्हटली म्हणून खटले झाले, त्यांची नावे नोंदवावीत. आणि १९९७ च्या त्या गोळ्या कोणी झाडल्या, कोणाच्या सांगण्यावरून झाडल्या, याचे उत्तर गद्दर यांच्या नावाने पुरस्कार देणाऱ्या सरकारने जाहीरपणे द्यावे.