आदिवासी माता-बालकांचे आरोग्य : निर्णय गावाच्या हाती हवा

पावसाळा आला की मेळघाट, नंदुरबारमधून बालमृत्यूच्या बातम्या येतात. रस्ता नसल्याने गरोदर बाईला झोळीतून नेल्याचे व्हिडिओ आपण पाहतो, संतापतो आणि विसरतो. मग मंत्र्यांचे दौरे, नव्या योजना आणि पुन्हा पुढचा पावसाळा. दोष मात्र आदिवासींच्या 'अंधश्रद्धे'वर टाकला जातो. हे खरे नाही, असे आम्हाला ठामपणे म्हणायचे आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवले. नवजात बाळाला ऊब देणे, वजन करणे, जंतुसंसर्ग ओळखणे, गरज पडल्यास इंजेक्शन देणे ही कामे या कमी शिकलेल्या बायका घरोघरी करू लागल्या. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला.

झारखंड-ओडिशातील आदिवासीबहुल जिल्ह्यांत 'एकजुट' संस्थेने औषधेही वाटली नाहीत. दर महिन्याला बायकांच्या बैठका घेतल्या. बाळ का दगावले, काय करता आले असते, आता आपण काय करायचे, हे त्यांनीच ठरवले. तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले.

दोन्हीकडे लोक 'लाभार्थी' नव्हते, कर्ते होते. आज आशाताई घरोघरी जातात, त्यामागे गडचिरोलीचा अनुभव आहे. पण सरकारने पद्धत उचलली आणि सन्मान मागे ठेवला. आशा अजूनही 'स्वयंसेविका' आहे, तिला मिळतो तो मोबदला, पगार नव्हे. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती अनेक गावांत फक्त सह्यांपुरती उरते. शिवाय लोकसहभाग म्हणजे सरकारची सुटका नव्हे. रक्तपेढी, सिझेरियनची सोय, रुग्णवाहिका हे गाव स्वतः उभारू शकत नाही. ते मिळवण्यासाठी जाब विचारणे हाही सहभागच आहे.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतिणीची विश्रांती हा त्यांच्या लेखी दयेचा नव्हे, राष्ट्रहिताचा प्रश्न होता. रोजगारासाठी स्थलांतर करणाऱ्या, सातव्या-आठव्या महिन्यातही कामावर असणाऱ्या आदिवासी भगिनीपर्यंत तो हक्क अजून पोहोचलेला नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनो, आदिवासी पाड्यांवर उपदेश करायला जाऊ नका. आधी ऐका. समितीची बैठक झाली का, निधी कुठे गेला, अमृत आहार योजनेचे जेवण ताटात पडते का, हे ग्रामसभेत विचारणाऱ्या बायकांच्या पाठीशी उभे राहा. कागद वाचून दाखवा, माहिती अधिकाराचा अर्ज लिहून द्या. बोलायचे मात्र त्यांनीच.