परमच्या कथेत प्रोग्राम कुठे हरवला?

१/ मृगाचा पाऊस खरेच टिकेल का, की सोयाबीनची पेरणी आठवडाभर थांबवावी? मेहकरच्या शेतकऱ्याच्या या प्रश्नाचे गणित पुण्यात, भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील 'अर्क' महासंगणकावर चालते. त्याचे लोकार्पण २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी आकडेमोड. बातम्या या आकड्यापाशी थांबल्या. आपला संगणक-इतिहासही नेहमी तेथेच थांबतो, आणि हा धागा त्या सवयीविरुद्ध आहे.

२/ कथा सर्वांना पाठ आहे. अमेरिकेने क्रे नाकारला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले, आणि बुलढाण्याला लागून असलेल्या अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. (हवामानासाठी एक क्रे दिल्लीत आला होता, हे कथेत सोयीस्करपणे गाळले जाते.) एक पक्ष म्हणतो, स्वदेशीचा विजय! दुसरा हसतो: आतली चिप तर ब्रिटनच्या इनमॉसची! भांडण जुने आहे आणि दोन्ही पक्ष एकच चूक करतात. दोघेही फक्त पेटी पाहतात.

३/ इनमॉसचा ट्रान्सप्यूटर बाजारात विकत मिळत होता. विकत मिळत नव्हती ती विद्या: एकच गणित अनेक प्रोसेसरांत कसे वाटायचे, प्रत्येकाची स्मृती वेगळी असताना निरोप कसे पोचवायचे, आणि कोणी रिकामा बसू नये म्हणून काय करायचे. सी-डॅकने त्यासाठी 'परस' ही प्रोग्रामिंगची व्यवस्था घडवली. परमचे स्वदेशीपण शोधायचे असेल तर ते येथे शोधावे.

४/ १९९२ नंतरचा 'परम ८६००' तर कथेत येतच नाही. त्याच्या प्रत्येक नोडमध्ये इंटेलचा एक आय-८६० आणि चार ट्रान्सप्यूटर होते. आकडेमोडीत वेगवान पण कंपायलरला सहजी न वळणारा एक प्रोसेसर आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठीच घडवलेले चार, असा हा संसार. बैल आणि घोडा एकाच जुवाला जुंपण्यासारखेच ते! तरीही ८००० वर लिहिलेले प्रोग्राम ८६०० वर नेता येत, कारण वरची 'परस' तीच होती. आज सीपीयू आणि जीपीयूच्या मिश्र यंत्रांसमोर जगभर जो प्रश्न आहे, त्याला पुण्यात तेव्हाच हात घातला गेला होता.

५/ तो प्रश्न नेमका कोणता? जीपीयू हजारो सारख्या बेरजा एकदम करतो. पण त्याची स्मृती बहुधा वेगळी असते. माहिती तेथे नेण्या-आणण्यातच वेळ गेला तर वेग कागदावरच राहतो. म्हणून काम कोठे करायचे यापेक्षा माहिती कोठे ठेवायची, हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेच्या 'फ्रंटियर'ने लिनपॅक चाचणीत १.३५ एक्झाफ्लॉप गाठले. विरळ समीकरणांच्या, म्हणजे बऱ्याच वैज्ञानिक कामांशी अधिक जवळच्या, एचपीसीजी चाचणीत मात्र सुमारे १४ पेटाफ्लॉप. जेमतेम एक टक्का.

६/ एकाच चिपसाठी लिहिलेल्या प्रोग्रामचे काय होते, याचे उदाहरणही पुण्यातच आहे. २०१३ च्या ५२४ टेराफ्लॉपच्या 'परम युवा-२' मध्ये इंटेलचे झिऑन फाय सहप्रोसेसर होते. पुढे इंटेलने ती मालिकाच बंद केली. केवळ त्या चिपच्या लकबी ओळखून केलेली मेहनत पुढच्या यंत्रावर निरुपयोगी ठरते. 'परस'मागचा विचार नेमका हा धोका टाळण्याचा होता.

७/ आता पुन्हा मेहकर. मे २०२५ पासून भारतीय अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ वर आली. चौकटीची बाजू निम्मी झाली की चौकटी चौपट होतात, काळाचे टप्पेही साधारण दुप्पट घ्यावे लागतात. काम सुमारे आठपट. पुढे ३ किलोमीटरवर जायचे तर आणखी आठपट. तेवढी यंत्रे दर वेळी विकत घेता येणार नाहीत. जुने हवामान-प्रोग्राम मिश्र यंत्रांसाठी नव्याने लिहावे लागतील, आणि ते लिहिणाऱ्यांना वर्षानुवर्षे पगार द्यावा लागेल. लोकार्पणाच्या बातमीत पेटाफ्लॉप छापले गेले. या कामासाठी किती माणसे नेमली, हे कोणी विचारले?