खरा रॉक १९७९ला संपला म्हणे!

रॉक ऐकणाऱ्या मराठी पोरांमध्ये एक वाक्य वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय की त्यावर आता कुणी वादही घालत नाही. खरा रॉक सत्तरच्या दशकातच झाला, नंतरचं सगळं उष्टं. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर सीनिअर हे वाक्य ज्युनिअरला सबमिशनच्या जुन्या फाइलींसारखं सोपवून जातो. लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, ब्लॅक सॅबथ, डीप पर्पल ही चार नावं घेता आली की तुम्ही जाणकार. निर्वाणाचं नाव घेतलं तर ‘ठीक आहे’. लिंकिन पार्क म्हटलं की सरळ हसतात. आणि पुरावा विचारला की एकच शब्द पुढे येतो: इन्फ्लुअन्स. यांच्यामुळे पुढचे सगळे घडले, म्हणून हे थोर.

मला हा पुरावाच मान्य नाही.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्या धंद्यात मार्च २०१६मध्ये एक गंमत झाली. लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं एक जावास्क्रिप्ट पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि जगभरातले हजारो प्रोजेक्ट बिल्ड होईनात. कारण सगळे कुठून तरी त्याच्यावर अवलंबून होते. त्याचा प्रभाव किती, तर प्रचंड. त्याची गुणवत्ता किती? शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं, बस. त्याच्यावर किती जण उभे आहेत हा एक प्रश्न आणि ते किती चांगलं आहे हा दुसरा. कोडमध्ये हे सगळ्यांना कळतं, गाण्यात मात्र दोन्हींची गल्लत होते.

आता रॉकमधलंच पाहा. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा पहिला अल्बम १९६७मध्ये आला तेव्हा फारसा विकलाच गेला नाही. पुढे त्यातून किती बँडनी प्रेरणा घेतली याची मोजदाद नाही. मग तो अल्बम १९६७मध्ये वाईट होता आणि नंतर हळूहळू चांगला झाला का? रेकॉर्डवरचा एक सूरही बदललेला नाही.

किंवा सिस्टर रोझेटा थार्प घ्या. ही कृष्णवर्णीय बाई १९३०-४०च्या दशकांत चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर अशी वाजवत होती, की नंतर ज्याला रॉक अँड रोल म्हटलं गेलं ते तिच्यात आधीच ऐकू येतं. ती १९७३मध्ये गेली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं तिला घेतलं २०१८मध्ये, तेही ‘सुरुवातीचा प्रभाव’ या खात्यात. प्रभावाच्या याद्या कोण बनवतं, रेकॉर्ड कुणाच्या छापल्या जातात आणि रेडिओवर कुणाला जागा मिळते, यावर त्या याद्या ठरतात. तिची बोटं काय वाजवत होती, हे त्या यादीत दिसत नाही.

आणि आधी आला तो मोठा, हाच नियम असेल तर सत्तरवाल्यांचीच पंचाईत होते. झेपेलिनच्या १९६९च्या ‘होल लॉटा लव्ह’वर ब्लूजचे गीतकार विली डिक्सन यांनी १९८५मध्ये दावा ठोकला आणि १९८७मध्ये तो कोर्टाबाहेर मिटवावा लागला. म्हणजे ज्यांना आपण उगम म्हणतो, तेही कुणाच्या तरी विहिरीतून पाणी शेंदत होते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सगळे असंच करतात. पण मग २००० सालच्या पोरांनी तेच केलं की ते उष्टं कसं?

‘मग काय, सगळंच सारखं?’ असं कुणी विचारेल. अजिबात नाही. मी निवाडा करायला नाही म्हणत नाही, दशक बघून करायला नाही म्हणतोय. पिंक फ्लॉइडनं १९७५मध्ये ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ नऊ भागांत लांबवलं आणि अल्बमच्या दोन टोकांना ठेवलं. ती लांबी त्या गाण्याला हवीच होती, हरवलेल्या माणसाची वाट बघणं तीन मिनिटांत मावत नाही. त्याच दशकातले कितीतरी ड्रम सोलो मात्र निव्वळ लांबतात. उलट लिंकिन पार्कचा ‘हायब्रिड थिअरी’ (२०००) ऐका. एक जण बोलतो, दुसरा किंचाळतो, आणि गाणं तीन-साडेतीन मिनिटांत संपतं. घुसमट अशीच असते, तिला प्रस्तावना नसते. त्यांच्या मागून आलेल्या बऱ्याच बँडनी मात्र तो साचा गिरवला आणि पाट्या टाकल्या. चांगलं-वाईट दोन्ही दशकांत आहे. ते शोधायला कान लागतात, कॅलेंडर नाही.

वाशिमसारख्या जिल्ह्यात वाढलेल्यांना खरं तर हे सोपं जायला हवं. आपल्याकडे रॉकची दशकं ओळीनं आलीच नाहीत. रेकॉर्डचं दुकान नव्हतं, कॉन्सर्ट तर लांबची गोष्ट. मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणायचं, त्यात आनंद शिंदे, हिमेश आणि एखादं इंग्रजी गाणं एकाच फोल्डरमध्ये नांदायचं. मग २०१६मध्ये जिओ आलं आणि १९६९ व २००३ एकाच दुपारी फोनवर उतरले. जाणकार याला आपलं मागासलेपण म्हणतील. मला ती सोय वाटते. आपल्याला कुठल्याच दशकाच्या आठवणी सांभाळायच्या नाहीत, नुसतं ऐकायचं आहे. असं असताना कुणा सीनिअरची यादी पाठ करायची गरजच काय?

ही यादी निरुपद्रवी असती तर मी एवढं लिहिलं नसतं. पण सगळं थोर १९७९पर्यंत करून झालं असेल, तर रिसोड-मानोऱ्यातल्या पोरानं गिटार घेऊन करायचं काय? कव्हर. आपल्याकडे तेच होतंय. मुंबईतल्या ‘अभंग रिपोस्ट’नं अभंगांना बेस आणि ड्रमवर घेतलं, ‘धम्म विंग्ज’नं बुद्ध-आंबेडकरांचा विचार रॉकमध्ये आणला. जाणकार लगेच म्हणतात, हे रॉक नाही, फ्यूजन आहे. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांटनी १९७२मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांसोबत रेकॉर्डिंग केलं, त्याला मात्र आपण प्रतिभा म्हणतो. त्यांनी आपलं घेतलं तर प्रयोग, आणि आपण आपलंच घेतलं तर भेसळ!

या बँडना सवलत द्या असं मी म्हणत नाही. त्यांनाही त्याच कसोटीवर घासा. गिटार गाण्याचा अर्थ पुढे नेते का, की मांडवावरच्या लायटिंगसारखी नुसती लुकलुकते? बरीच फ्यूजन गाणी इथे नापास होतील. होऊ द्या. पण ऐकून नापास करा.

ब्लॅक सॅबथचा टोनी आयॉमी बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे त्याच्या दोन बोटांची टोकं तुटली. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. त्या जड, खालच्या आवाजात हीही तडजोड आहे. सत्तरच्या दशकाकडून शिकायचंच असेल तर हे शिका, की हातात जे उरलंय आणि गावात जे आहे त्यातून आवाज काढता येतो. वाशिम सरकारी यादीत ‘आकांक्षित जिल्हा’ आहे. इथे सोयाबीनच्या भावाचा संताप आहे, पोहरादेवीच्या वाटेवरचे तांडे आणि त्यांची होळीची लेंगी आहे, १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा दणका आहे. यातून उद्या कुणी वऱ्हाडीत रॉक केला, तर तो कुणासारखा वाजतो हे आधी विचारू नका. तो नीट वाजतो का, एवढं आधी ऐका.