समानार्थी म्हणजे एकार्थी नव्हे



‘इंग्रजीत एका अर्थाचे चार शब्द असतात, कोणताही ठोकून द्या, काही बिघडत नाही’ हा गेल्या रविवारच्या पत्रातला सल्ला वाचला. परीक्षेपुरता तो खपेलही; पण टिळक आळीत राहून त्यावर गप्प बसवत नाही.

1897 साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. कलम 124-अ प्रमाणे सरकारविषयी ‘डिसअफेक्शन’ पसरवणे गुन्हा होता. सरकारच्या कृतींबद्दल ‘डिसअ‍ॅप्रोबेशन’, म्हणजे नापसंती, मात्र चालत होती. न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले, डिसअफेक्शन म्हणजे अफेक्शनचा अभाव. थोडक्यात, सरकारवर प्रेम नसले तरी माणूस अपराधी! सहा युरोपीय ज्यूरर ‘दोषी’ म्हणाले, तिघे हिंदी ‘निर्दोष’. शिक्षा झाली 18 महिने सक्तमजुरीची. 1898 मध्ये कलम दुरुस्त करताना ‘डिसअफेक्शन’ या शब्दात द्रोह आणि वैरभाव येतात, असा खुलासा जोडला गेला.

आजचे उदाहरण हवे तर बँकेचा फॉर्म पाहा. ‘नॉमिनी’ आणि ‘लीगल हेअर’ एकच, असे समजून घरोघरी भांडणे होतात. नॉमिनीने रक्कम फक्त स्वीकारायची असते; हक्क वारसांचाच. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच स्पष्ट केले.

तेव्हा मुलांकडून समानार्थी शब्दांच्या जोड्या घोकून घेण्यापेक्षा दोन्ही शब्द वाक्यात घालून फरक विचारावा. एवढे शिक्षकांनी केले तरी पुष्कळ झाले.

– एक वाचक, टिळक आळी, रत्नागिरी