वेगाची पाटी आणि हरणाची छाती

पाव इंची रायफलवाल्यांच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती फूट काढतोस?" म्हणजे गोळी सेकंदाला किती फूट वेगाने नळीबाहेर पडते. ३,३०० म्हटलं की माना डोलतात, २,८५० म्हटलं की कुणीतरी हवापाण्याचा विषय काढतं. काडतुसं घरी भरणाऱ्या अमेरिकी शिकाऱ्यांमधलं हे खूळ जुनंच आहे. वेग मोजणारं यंत्र शे-दोनशे डॉलरांत मिळू लागल्यापासून ते जास्तच बळावलं.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि दारूगोळ्याची प्रत्येक गोष्ट इथे परवान्याच्या कक्षेत येते, तेव्हा पुढचं सगळं अमेरिकेतल्या रानाबद्दल आहे. तिथे राहून, रीतसर परवाना काढून हरणामागे जाणाऱ्या मराठी माणसाला ते कामाचं वाटेल. इतरांनी एका हट्टी वादाची हकिकत म्हणून वाचावं.

वेगवाद्यांचं म्हणणं थोडक्यात असं. .२५७ इंच व्यासाची गोळी मुळातच बारीक, तिला वजन कुठून आणणार? तिचं सगळं बळ वेगात. म्हणून गोळी हलकी घ्या, काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलच्या पानावर सर्वांत जास्त वेग देणारी दारू शोधा आणि छापलेल्या कमाल मापापर्यंत भरा. सपाट जाईल, विजेसारखी लागेल, हरीण जागच्या जागी पडेल.

या पक्षाचं मूळ एका जाहिरातीत आहे. १९१५ साली सॅव्हेज कंपनीने .२५०-३००० हे काडतूस बाजारात आणलं. आखणी चार्ल्स न्यूटनची. न्यूटनच्या मनात होती १०० ग्रेन वजनाची गोळी, सेकंदाला साधारण २,८०० फुटांनी जाणारी. कंपनीला मात्र नावात ३,००० हा आकडा हवा होता, कारण तोवर इतका वेग कुणी दुकानात विकलेला नव्हता. मग गोळी ८७ ग्रेनवर उतरवली आणि आकडा गाठला. आता हिशेब करून पाहा. ८७ ग्रेन आणि ३,००० फूट यांतून नळीच्या तोंडाशी निघणारी ऊर्जा सुमारे १,७४० फूट-पौंड. १०० ग्रेन आणि २,८०० फूट यांतून निघणारीही सुमारे १,७४०. म्हणजे डब्यावरच्या आकड्यासाठी तेरा ग्रेन शिसं दिलं आणि बदल्यात ऊर्जेचा एक पैसाही जास्त मिळाला नाही. उलट दोनशे यार्डांवर जड गोळी पुढे जाते, कारण हवेत हलकीचा वेग लवकर गळतो.

एवढ्यावर भागलं नाही. हलक्या गोळीला पुरेल असा सौम्य पीळ नळीला दिला गेला, १४ इंचांत एक वेढा. पुढे कुणी ११७ किंवा १२० ग्रेनची लांब गोळी घालून पाहिली की ती डगमगायची आणि कागदावर आडवी भोकं पाडायची. एका आकड्याच्या हौसेपायी त्या रायफलींचे हात कायमचे बांधले गेले. आजही कुणाला जुनी सॅव्हेज ९९ वारशात मिळाली, तर गोळ्यांचा डबा विकत घेण्याआधी त्याने नळीचा पीळ मोजावा. सफाईच्या काठीवर घट्ट फडकं लावून, काठीवर खूण करून, एका पूर्ण वेढ्याला ती किती इंच आत गेली हे पाहिलं की झालं.

आता "विजेसारखी लागेल" याबद्दल. विजेसारखी लागते, हे खरं. पण कुठवर? ७५ ते ८७ ग्रेनच्या बऱ्याच गोळ्या प्रेअरी डॉग आणि कोयोटी यांच्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांचं तांब्याचं कवच मुद्दाम पातळ ठेवतात, म्हणजे त्या लागताक्षणी फुटाव्यात. तीच गोळी ३,४०० फुटांच्या वेगाने म्यूल डियरच्या खांद्याच्या हाडावर आदळली, तर वरवर मोठी जखम होते, फुप्फुसं शाबूत राहतात आणि जनावर डोंगर ओलांडून जातं. ते मरतं, पण दोन दिवसांनी, कुणाला न सापडता. या प्रसंगाची नोंद वेगवाद्याच्या वहीत नसते, कारण त्याच्या लेखी तो नेम चुकलेला असतो. वेग जितका वाढवाल तितकी गोळी मजबूत लागते, ही साधी गोष्ट या पक्षाच्या गणितात धरलेलीच नसते.

जॉन नॉस्लर या शिकाऱ्याला ही गोष्ट १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात कळली. चिखलाने माखलेल्या मूसच्या खांद्यावर त्याच्या वेगवान गोळ्या फुटून गेल्या, आत शिरल्याच नाहीत. त्याने वेग कमी केला नाही, गोळी बदलली. पोटात तांब्याची आडवी भिंत घातली, पुढे शिसं आणि मागेही शिसं. १९४८ पासून ती पार्टिशन या नावाने विकली जाते. जनावरातून काढलेली पार्टिशन हातात घेऊन पाहा. पुढचा अर्धा भाग फाटून, मुडपून मागे वळलेला असतो, काही ठिकाणी शिसं पार झडून गेलेलं. भिंतीमागचा अर्धा भाग मात्र जवळजवळ जसाच्या तसा, नळीच्या आट्यांच्या खुणांसकट. पुढच्या भागाने जखम केली, मागच्याने वाट काढली. कुठल्याही वेगमापकाच्या पडद्यावर हे दिसत नाही.

दुसरा पक्ष बरोबर उलटा. तो हल्ली जोरात आहे आणि स्वतःला शास्त्रीय समजतो. त्याच्या मते पाव इंचीचं भवितव्य १३० ग्रेनच्या वरच्या, सुईसारख्या लांब गोळ्यांमध्ये आहे. हवा त्यांना अडवत नाही, हजार यार्डांवरही त्या वेग राखतात. गोष्ट खोटी नाही. पण त्यांना आठ इंचांच्या आसपास एक वेढा असा कडक पीळ लागतो. घरातल्या नेहमीच्या पाव इंची रायफलींपैकी .२५-०६ ला किंवा .२५७ रॉबर्ट्‌सला असतो दहा इंचांचा. त्यासाठी नवी नळी बसवायची, आणि शिकार करायची कुठे, तर टेक्सासच्या झुडपांत दीडशे यार्डांवर. शिवाय यातल्या कित्येक गोळ्या कागदावरच्या निशाण्यासाठी घडवलेल्या असतात. मांसात त्या कधी उघडतात, कधी सुईसारख्या आरपार जातात. कोलोरॅडोच्या नियमांप्रमाणे ८५ ग्रेनच्या फुलणाऱ्या गोळीने एल्कही मारता येतो, शंभर यार्डांवर हजार फूट-पौंड ऊर्जा उरली म्हणजे झालं. कायद्यात बसतं ते सगळं शहाणपणाचं नसतं, हे हलकीवाल्यांना सांगावं लागतं. तसंच हवेला चिरत जाणारं सगळं हरणाला मारायला योग्य नसतं, हे लांबीवाल्यांना.

वेगवाद्यांचा एक मुद्दा मात्र मी निमूट मान्य करतो. नुसत्या तांब्याच्या गोळीला वेग हवाच. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीत शिशाच्या गोळीला मनाई आहे. मागे टाकलेल्या आतड्यांतलं शिसं खाऊन काँडर गिधाडं विषबाधेने मरत होती, म्हणून हा कायदा आला. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. ती उमलायला जोराचा धक्का लागतो, पण उमलल्यावर ती तुटत नाही, वजन राखते. इथे ८० ते १०० ग्रेनची, वेगात जाणारी तांब्याची गोळी ११७ ग्रेनच्या शिसेवालीचं काम करते. पण तिची निवडही वेगाच्या आकड्यासाठी नसते, ती जनावरात काय करते यासाठी असते.

माझं म्हणणं हेच की निवड दुसऱ्या टोकाकडून करा. आधी जनावर, मग अंतर, मग पीळ, त्यातून गोळी. दारू सगळ्यांत शेवटी. प्राँगहॉर्न आणि व्हाइटटेल यांच्यासाठी, दहा इंची पिळाच्या नळीत, तीनशे यार्डांच्या आत, १०० ते १२० ग्रेनची शिकारी बांधणीची कोणतीही गोळी पुरते. एल्क हवा असेल तर पार्टिशन किंवा तांब्याची, आणि खरं विचाराल तर मोठ्या व्यासाची रायफल.

दारूच्या बाबतीत तर गैरसमजांचा बाजार आहे. "ही दारू जोरदार, ती नरम" अशी भाषा चालते. पाव इंचीला फरक पडतो तो दारू किती वेळ जळते याने. .२५-०६ म्हणजे .३०-०६ ची पुंगळी, फक्त मान आवळलेली. पोट मोठं, तोंड अरुंद. जलद जळणारी दारू घातली, तर गोळी चार बोटं सरकण्याआधीच दाब शिगेला पोचतो आणि पुढच्या नळीत ढकलायला काही उरत नाही. मंद दारू गोळीच्या पाठीमागे रेटा धरून राहते. बंदुका घडवणाऱ्या नीडनरने १९२० मध्ये हे काडतूस बनवलं, पण पन्नास वर्षं ते हौशी लोकांच्या कपाटातच राहिलं. सुरुवातीला तर त्याला साजेशी दारूच बाजारात नव्हती. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रूस हॉजडनने वीस मिलिमीटर तोफांसाठी बनलेली, सैन्याने मोडीत काढलेली ४८३१ दारू घाऊक उचलली आणि स्वस्तात विकली. .२५-०६ ला तिने जीवदान दिलं. १९६९ मध्ये रेमिंग्टनने त्याला कारखान्याच्या यादीत घेतलं.

याच ४८३१ मध्ये एक सापळाही आहे. हॉजडनची एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ या दोन वेगळ्या दारू आहेत. आकडा तोच, पण आयएमआर जलद जळते. एकीचं कमाल माप दुसरीला लावणं म्हणजे रायफलीवर आणि स्वतःच्या डोळ्यांवर प्रयोग करणं. मित्राने फोनवर नुसतं "अठ्ठेचाळीस-एकतीस" असं सांगितलं, तर फोन ठेवा आणि मॅन्युअल उघडा.

मंद दारू म्हणून सगळीकडे मंदच, असंही नाही. .२५० सॅव्हेजच्या, म्हणजे त्याच .२५०-३००० च्या, छोट्या पुंगळीत एच ४८३१ तोंडापर्यंत भरली तरी पुरेसा दाब होत नाही. तिथे ४०६४ सारखी मधली बरी. रॉबर्ट्‌सला ४३५० चा वर्ग शोभतो. "नळी आखूड आहे, मग जलद दारू घे" हा सल्लाही ऐकू येतो. तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो, कारण लांब नळीत जी दारू पुढे असते तीच आखूड नळीतही सहसा पुढे राहते. फक्त आवाज आणि ज्वाळा वाढतात.

जुनी लांब कणांची एच ४८३१ मापातून पुंगळीत सोडताना नरसाळ्याच्या मानेत कण एकमेकांत अडकतात. पेन्सिलच्या शिशाचे तुकडे करावेत तसे दिसतात ते. बोटाने टिचकी मारली की साचलेले सगळे एकदम पडतात, आणि एका पुंगळीत कमी, पुढचीत जास्त असा घोळ होतो. म्हणून प्रत्येक माप तराजूवर घ्यायचं. आखूड कणांची एससी आली तेव्हा हा त्रास बराच कमी झाला.

"बोल्ट सहज उघडतो, प्रायमर चपटा झाला नाही, म्हणजे अजून जागा आहे" हा सगळ्यांत घातक युक्तिवाद. रॉबर्ट्‌सची ठरलेली दाबमर्यादा ५४,००० पीएसआय, +पी खूण असलेल्या पुंगळीसाठी ५८,०००. .२५-०६ ची ६३,०००. पितळ तक्रार करू लागतं तोवर यातली वरची मर्यादाही बहुधा मागे पडलेली असते. म्हणजे रॉबर्ट्‌समध्ये लक्षणांची वाट पाहणारा माणूस मर्यादेच्या कितीतरी पुढे निघून गेलेला असतो, आणि त्याची रायफल जुनी असेल तर ते आणखी वाईट. शिवाय जानेवारीच्या थंडीत बसवलेलं माप सप्टेंबरच्या उन्हात, गाडीच्या तापलेल्या डॅशबोर्डवरून उचललेल्या काडतुसात, तसंच वागत नाही. याचं उलटं टोकही धोक्याचं आहे: मंद दारू मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापाच्या खूप खाली नेली, तर दाब अनपेक्षितपणे उसळू शकतो. सुरुवातीचं माप ही खालची हद्द समजा.

आणि हे सगळं कशासाठी? कमाल मापापाशी शेवटचे साठ फूट मिळवण्यासाठी. दोनशे यार्डांवर नेम जुळवलेल्या .२५-०६ मध्ये त्या साठ फुटांमुळे तीनशे यार्डांवर पडणारा फरक अर्ध्या इंचाहूनही कमी असतो. हरणाच्या छातीतली मर्मजागा आठ-दहा इंचांची. तीन गोळ्यांचा एक गट पाहून "हीच दारू अचूक" असं जाहीर करणाऱ्यांना तर मी हात जोडतो. तीन गोळ्या योगायोगानेही एकाच भोकात जातात.

तेव्हा माझा कौल सांगून टाकतो. दहा इंची पिळाची .२५-०६ असेल तर ११५ ते ११७ ग्रेनची शिकारी गोळी आणि एच ४८३१एससी. मॅन्युअल चालू आवृत्तीचं घ्या, सुरुवातीच्या मापापासून थोडंथोडं चढा, कमाल मापाच्या अलीकडे दहा गोळ्यांचा गट दीड इंचात बसला की तिथेच थांबा. उरलेली दारू ऑफहँड सरावाला वापरा. हरणं चुकतात ती बहुतेक नेमबाजाच्या खांद्यामुळे.