मामाच्या घरातली मुले आणि अठरावे वर्ष

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत आईवडिलांचे छत्र हरपलेले मूल सहसा बालगृहात जात नाही. ते आजीकडे, काकाकडे, अनेकदा मामाकडे जाते. कुणाचे वडील वाघाच्या हल्ल्यात गेलेले असतात, कुणाच्या आईने दुसरे घर केलेले असते, कुणाचे आईबाप आजारपणात गेलेले असतात. अशा घरात कुणी ‘प्रतिपालक’ हा शब्द उच्चारत नाही आणि दत्तकाचा कागदही करत नाही. बालपणी त्यावाचून फारसे अडतही नाही. अडायला लागते ते मूल चौदा-पंधरा वर्षांचे झाल्यावर. बालसंरक्षणाचे काम करणाऱ्यांची ताकद मात्र मूल घरात पोचवण्यातच संपते.

कायद्याची चौकट आधी पाहावी. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ हा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. गोंड, माडिया, कोलाम कुटुंबांत मूल घेणे रूढीने चालते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचा मार्ग सर्वांना खुला आहे आणि सप्टेंबर २०२२ पासून त्याखालील दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तरीही नातेवाइकांकडे वाढणाऱ्या प्रत्येक मुलाचे दत्तकविधान करण्याची घाई नको. मामा हा मामाच राहू इच्छितो आणि मुलालाही बापाचे नाव सोडायचे नसते. अशा कुटुंबाला हवा असतो तो बालकल्याण समितीचा आदेश, मुलाच्या नावाचे बँक खाते आणि दरमहा थोडा आधार. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात, मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात ४,०००. पण समिती बसते जिल्ह्याच्या ठिकाणी. सिरोंचाहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर आहे. मूल आणि आजी यांनी त्यासाठी दोन दिवसांची मजुरी आणि बसभाडे खर्चायचे, आणि एक कागद कमी म्हणून परत फिरायचे, हे थांबले पाहिजे. समितीची बैठक अहेरी किंवा भामरागडला भरवण्याचा आग्रह कार्यकर्त्यांनी धरायला हवा. वाघाच्या हल्ल्यातील मृत्यूसाठी मिळणाऱ्या २५ लाखांपैकी बरीच रक्कम मुदत ठेवीत असते. तिच्यात मुलाचा वाटा त्याच्या नावावर आहे ना, हे त्याच भेटीत तपासावे.

सगळ्यांत कठीण गाठ जमातीच्या दाखल्याची. वैधता प्रमाणपत्रासाठी १९५० पूर्वीचे पुरावे बापाच्या बाजूचे लागतात: आजोबांच्या शाळेतील दाखलखारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुना जमिनीचा कागद, वंशावळीचे शपथपत्र. मुलगी एटापल्लीला मामाकडे वाढलेली, बापाचे गाव कोरचीकडे किंवा छत्तीसगडच्या हद्दीत, आणि बापाच्या भावकीशी दहा वर्षे येणेजाणे नाही. बारावीनंतर नर्सिंगला अर्ज करताना हे उघड होते, तेव्हा प्रवेशाची मुदत दारात असते. मामाची वैधता तिच्या उपयोगाची नसते. म्हणून मूल पाचवी-सहावीत असतानाच त्याला घेऊन बापाच्या गावी एकदा जाऊन यावे. काका, आत्या, म्हातारी माणसे जिवंत असतात तोवर नावे जुळतात आणि कागद निघतात. या फेरीचा दुसरा लाभ कागदाहून मोठा आहे. मुलाला आपली माणसे दिसतात.

मृत्यूच्या नोंदीचेही असेच. दुर्गम पाड्यांवरचे मृत्यू नोंदवायचे राहून जातात, आणि वर्ष उलटले की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दोन्ही पालकांचे मृत्यू दाखले असतील तरच अनाथ प्रमाणपत्राचा प्रस्ताव पुढे सरकतो. शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांसाठीचे १ टक्का समांतर आरक्षण २०१८ पासून आहे आणि नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांनाही ते मिळू शकते. गावपातळीवर हे फार थोड्यांना माहीत असते.

आश्रमशाळेत शिकणाऱ्या मुलांकडे वेगळे लक्ष हवे. वर्षातले बहुतेक महिने मूल वसतिगृहात असते. घर म्हणजे दिवाळी आणि उन्हाळा. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो आणि मामाच्या घरची सगळी माणसे पहाटे जंगलात जातात. त्या सुट्टीत मुलाला कुटुंबातले काम मिळते की फुकटचा गडी म्हणून राबवले जाते, हे पत्रव्यवहाराने कळत नाही. त्यासाठी मे महिन्यात घरभेट करावी लागते. मुलींबाबत आणखी एक गोष्ट न संकोचता विचारावी. आते-मामे भावंडांत लग्न करण्याची पद्धत इथल्या अनेक समाजांत आहे. मामाने वाढवलेल्या मुलीचे लग्न मामेभावाशी गृहीत धरले जाऊ शकते, तेही अठराच्या आत. मुलीला एकटीला बोलते केल्याशिवाय तिची इच्छा कळत नाही, आणि मामीला बाजूला ठेवून काही ठरवता येत नाही. दोघींशी बोलावे लागते.

अनोळखी मूल रीतसर दत्तक घेतलेल्या घरांचा प्रश्न निराळा आहे. तिथे दोन वर्षे सहामाही पाहणी होते आणि नंतर कुटुंब एकटे पडते. मुलाला सत्य कधी सांगायचे, हा प्रश्न खरा उभा राहतो तो पुढेच. गोंड समाजात सोयरीक जुळवताना चार, पाच, सहा की सात देवांचे घराणे, हे विचारतात. मुलाच्या जन्माची गोष्ट तेव्हा गावच्या बैठकीत निघाली तर घाव बसतो. ती गोष्ट आईवडिलांकडून, लहानपणापासून, थोडी थोडी यायला हवी, आणि समाजातल्या जाणत्यांना विश्वासात घेऊन देवाचा प्रश्नही वेळेत मिटवायला हवा. मूळ शोधण्यासाठी अठरा पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला स्वतः अर्ज करता येतो. जन्मदात्यांची गोपनीयता मात्र जपली जाते.

अठरानंतर काय, याचे एक उत्तर विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपले आडनाव दिले आणि ही मुले अठराव्या वर्षी संस्थेबाहेर काढली जाऊ नयेत यासाठी सातत्याने आवाज उठवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या एका दृष्टिहीन मानसकन्येने त्याच वर्षी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यश मिळवले. अनुरक्षणाची कायदेशीर तरतूद, म्हणजे २१ वर्षांपर्यंतचा आधार, बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. मामाच्या घरून बाहेर पडणाऱ्यांसाठी ती नाही, आणि हे अन्याय्य आहे. तरतूद विस्तारण्याची मागणी या दोन जिल्ह्यांतून लेखी गेली पाहिजे. तोवर आदिवासी तरुणांना आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना एवढेच हाताशी आहे. त्यासाठीची कागदपत्रे अकरावीतच गोळा करायला बसावे लागते.